एक जोडणी, तीन मजले

महाराष्ट्रातील घरांची बांधणी गेल्या काही दशकांत पालटली. मातीच्या भिंती आणि लाकडी तक्तपोशी यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आला. तळमजल्यावर थोरला भाऊ, पहिल्या मजल्यावर धाकटा आणि गच्चीवरच्या खोलीत अभ्यास करणारी मुले, अशी कुटुंबे तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांतही आढळतात. चुली वेगळ्या झाल्या तरी पाण्याची टाकी एक असते, आणि इंटरनेटची जोडणीही बहुधा एकच असते. ती तळमजल्यावरील बैठकीच्या खोलीत, दूरचित्रवाणी संचाशेजारी येऊन थांबते. प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन धडे घरी येऊ लागले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य प्रथम ध्यानात आले. तळमजल्यावरील मुलाला शिक्षकांचे बोलणे स्पष्ट ऐकू येई. वरच्या खोलीत बसलेल्या त्याच्या चुलत बहिणीच्या वाट्याला तुटक शब्द येत. शाळा पुन्हा उघडल्या, तरी प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांची तयारी, शिक्षकांची माहिती भरण्याची कामे ही घरातील संगणकावरच होत राहिली. अडचण आली की कुटुंबप्रमुख सामान्यतः अधिक वेगाची योजना घेतो. महिन्याचे देयक वाढते आणि वरच्या मजल्यावरची स्थिती जैसे थे राहते. याचे कारण असे की, अडथळा बहुतेक वेळा रस्त्यावरून घरात येणाऱ्या तारेत नसतो. तो डोक्यावरच्या स्लॅबमध्ये असतो.

राउटरमधून निघणाऱ्या बिनतारी लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर भरते. पहिली अधिक दूर पोहोचते, पण तिच्यावर गर्दी फार. दुसरी वेगवान, पण भिंतीपाशी लवकर थकते. लाकूड आणि विटा यांतून या लहरी बऱ्यापैकी पार होतात. स्लॅबमध्ये मात्र काँक्रीटच्या थरात पोलादी सळ्यांची जाळी विणलेली असते, आणि धातूची जाळी अशा लहरींना अडवते व परतवते. वाटेत पाण्याची टाकी अथवा लोखंडी कपाट आल्यास उरलासुरला जोरही जातो. जुन्या वाड्यात तक्तपोशीतून जे सहज साधले असते, ते नव्या बंगल्यात साधत नाही.

यावर पहिला स्वस्त उपाय म्हणजे राउटरची जागा बदलणे. कोपऱ्यातील कपाटातून काढून तो जिन्याच्या तोंडाशी, उंचावर ठेवावा. जिना ही स्लॅबमधील मोकळी वाट आहे. पुष्कळ दुमजली घरांत एवढ्यानेच काम भागते.

ते न भागल्यास लोक सिग्नल वाढविणारा रिपीटर आणतात. तो एकाच पट्टीवर ऐकून त्याच पट्टीवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय ज्या खोलीत सिग्नल मुळातच क्षीण आहे, तेथेच तो बसविला जातो. क्षीण सिग्नलची नक्कल क्षीणच निघणार! त्याची जागा अर्ध्या वाटेवर हवी. घरातील विजेच्या तारांतूनच माहिती नेणारी उपकरणेही मिळतात. परंतु दोन मजल्यांना वेगळी मीटर अथवा वेगळे फेज असतील तर त्यांचा भरवसा धरता येत नाही, आणि भावाभावांच्या घरांत मीटर वेगळी असणे हेच अधिक संभवते.

खात्रीचा उपाय जुना आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. आज त्याच नावाने ओळखली जाणारी केबल म्हणजे तांब्याच्या आठ तारा, दोन-दोनच्या चार पिळांत गुंफलेल्या. कॅट-५ई किंवा कॅट-६ जातीची अशी केबल शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट माहिती वाहून नेते. तीन मजल्यांच्या घराला तिचा तिसरा हिस्साही लागत नाही. खरेदी करताना तार निव्वळ तांब्याची आहे ना, हे पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते आणि लवकर दगा देते. ही केबल विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये. घराबाहेरून न्यायची असल्यास उन्हाला टिकणाऱ्या आवरणाची घ्यावी. मात्र मराठवाडा-विदर्भात वळवाच्या दिवसांत विजा पडतात. म्हणून शेतातल्या दुसऱ्या घरापर्यंत जोडणी न्यायची तर काचतंतूच घालावा. काच वीज वाहून नेत नाही.

प्रत्येक मजल्यावर केबलच्या टोकाला एक लहान ॲक्सेस पॉइंट बसवावा. घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो, परंतु तेथे एक चूक नेहमी होते. बाहेरच्या जगाला हे घर एकाच पत्त्याने दिसते. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे ओळखून १९९४ मध्ये एका पत्त्याआड अनेक संगणक ठेवण्याची रीत मांडली गेली. वाड्याचा दिंडी दरवाजा एक, आतील बिऱ्हाडे अनेक, आणि कोणाचे पत्र कोणत्या बिऱ्हाडी द्यायचे हे दारावरचा राउटर लक्षात ठेवतो. जुना राउटर तसाच जोडला की वाड्यात दुसरा दिंडी दरवाजा उभा राहतो, आणि खालच्या संगणकाला वरचा प्रिंटर सापडत नाही. तेव्हा दुसऱ्या राउटरमधील पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे. त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याहून निराळा ठेवावा. आणि केबल त्याच्या इंटरनेटच्या छिद्रात न घालता बाजूच्या लॅनच्या छिद्रात घालावी.

एका पत्त्याची दुसरी बाजूही आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे पाठविलेल्या धमकीच्या ई-पत्राचा माग नवी मुंबईतील एका अमेरिकन रहिवाशाच्या घरापर्यंत पोहोचला. त्याच्या बिनतारी जोडणीचा गैरवापर त्याच्या नकळत झाला होता; पण चौकशीला सामोरे जावे लागले ते त्यालाच. म्हणून तिन्ही मजल्यांवर डब्ल्यूपीए-२ अथवा डब्ल्यूपीए-३ पद्धतीचे कुलूप आणि लांब सांकेतिक शब्द असावा. पाहुण्यांसाठी वेगळे नाव उघडता येते, ते वापरावे. घरातील जोडणी शेजाऱ्यास पैसे घेऊन देणे ही निराळी बाब आहे. दुकानदाराला लोकांस अशी सेवा देता यावी, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली.

वीज गेल्यावर तीनही मजल्यांवरची यंत्रे एकदम बंद पडतात, हेही ध्यानी ठेवावे. खालच्या राउटरला बॅटरी लावली आणि जिन्यातला स्विच विसरला, असे हमखास घडते.

ज्यांचे बांधकाम अजून चालू आहे, त्यांना हे सर्व फार थोडक्यात साधेल. ग्रामपंचायतीची इमारत असो, शाळेच्या वाढीव खोल्या असोत अथवा स्वतःचे घर, विजेच्या पाइपांबरोबर पंचवीस मिलिमीटरचा एक स्वतंत्र पाइप जिन्यालगत तळापासून गच्चीपर्यंत घालावा. वळणे काटकोनी न ठेवता गोलाकार ठेवावीत. पाइपातून एक ओढतार आधीच घालून ठेवावी आणि दोन्ही तोंडे बंद करावीत, म्हणजे प्लास्टरचा गिलावा आत जात नाही. वायरमनला हे स्लॅब पडण्याच्या आधी सांगावे लागते.