इंजिन पुढे सरकवलं त्याची गोष्ट

आमच्या बचत गटात विमानात बसलेल्या दोघीच. तरी बोइंग ७३७ मॅक्सची गोष्ट आम्ही सगळ्यांनी मिळून समजून घेतली.

७३७ हे मूळचं १९६७ साली पहिल्यांदा उडालेलं, बुटकं विमान. इंधन वाचवायला मॅक्सला जास्त घेराची इंजिनं लावायची ठरली, तर पंखाखाली जागा पुरेना. मग ती थोडी पुढे आणि वर बसवली. वाऱ्यात सूप तिरकं धरलं की हातातून वर उचललं जातं ना? तसंच, नाक फार वर गेलं की इंजिनांची मोठी आवरणंही हवेवर उचलली जायची आणि नाक आणखी वर ढकलायची.

म्हणून नाक आपोआप खाली आणणारी यंत्रणा घातली. ती दोनपैकी एकाच सेन्सरचं ऐकायची. आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहितीच दिलेली नव्हती! अहो, घरात नवी शेगडी आणली तरी आपण सासूबाईंना चालवून दाखवतो.

सेन्सर चुकला, यंत्रणा नाक दाबत राहिली. २९ ऑक्टोबर २०१८ला इंडोनेशियात १८९ माणसं गेली. त्यानंतर वैमानिकांना कळवलं, तरीही १० मार्च २०१९ला इथिओपियात १५७ गेली. मग कुठे जगभरातली मॅक्स विमानं जमिनीवर आली. आता यंत्रणा दोन्ही सेन्सर ताडून पाहते, वैमानिकांना तिचं प्रशिक्षणही मिळतं. इंजिनं आहेत तिथेच आहेत.