नावाची चोरी आणि खरेदीदाराचे कर्तव्य
(महोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेत चार शब्द बोलण्याचा मान आमच्यासारख्या शाळामास्तरास दिलात, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आमचे आजोबा रत्नागिरीकडून बडोद्यास आले ते पोटासाठी. पण ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या संस्थानच्या राजधानीने आमच्या घराला भाकरीबरोबर पाटीही दिली. ते ऋण फेडावे म्हणूनच आम्ही बी.एड. होऊन वीस वर्षे खडू झिजवीत आहोत.

चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा शिक्षणावर काही ऐकण्याची होती. आम्ही सांगितले, "नावाच्या चोरीवर बोलू." ते हसले. परंतु ही चोरी खरी आहे, आणि तिच्यात आमचा हात नकळत का होईना, लागलेला आहे. आपल्या ट्रस्टचा कारभारही आता पुष्कळसा संगणकावरून चालतो. तेव्हा आमची फजिती आपल्या उपयोगी पडावी, एवढाच आजचा हेतू.

प्रथम डोमेन म्हणजे काय, ते घरगुती भाषेत सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो. माणसाला आकडे लक्षात राहात नाहीत, नाव राहते. म्हणून त्या आकड्यांवर नावाची पाटी लावतात. ही पाटी म्हणजे डोमेन. ती कोणी कायमची विकत घेत नाही. ठराविक मुदतीसाठी तिची नोंद होते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. नोंद करून देणाऱ्या कंपनीस रजिस्ट्रार म्हणतात. जगातील या व्यवस्थेवर 'आयकॅन' ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था देखरेख करते. आपल्या 'डॉट इन' नावांचे दप्तर 'निक्सी' सांभाळते. आणि २०१४ पासून 'डॉट भारत' अशी देवनागरी नावेही मिळू लागली आहेत.

एक नाव एकालाच मिळते. त्यामुळे आखूड, सुटसुटीत नावांना मांडवीतल्या गाळ्यांसारखी पागडी आली. नावे घेऊन ठेवणारे, विकणारे, दलाली करणारे असा एक व्यापारच उभा राहिला. व्यापार वाईट नाही. बहुतेक लोक सचोटीने तो करतात. पण जिथे पागडी, तिथे तोतयाही असायचाच.

आता आमची हकीगत. २०२२ साली आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरविले की, दहावीच्या गरीब मुलांसाठी गणित-विज्ञानाची टिपणे इंटरनेटवर फुकट ठेवावीत. मनाजोगे नाव आधीच कोणीतरी घेतलेले होते. इतक्यात तेच नाव विकावयाचे आहे असा एका गृहस्थाचा निरोप आला. बाजारात अशा नावाला लाखभर तरी पडले असते. हा मागत होता चाळीस हजार, आणि घासाघीस करता बावीस हजारांवर आला. "मामा इस्पितळात आहेत, आज संध्याकाळपर्यंत पैसे हवेत," असे म्हणाला. आम्हाला त्याची कीव आली. खरे सांगायचे तर कीव थोडी आणि लोभ जास्त होता. पैसे त्याच्या खात्यावर थेट पाठविले. त्या बावीस हजारांत रिक्षा चालविणाऱ्या एका विद्यार्थ्याचे दोन हजार होते. नाव खरोखरच आमच्या खात्यात आले, तेव्हा पेढे वाटले.

पाचव्या आठवड्यात रजिस्ट्रारचे पत्र आले. नाव चोरीचे असल्याची तक्रार आहे, सबब ते गोठविले आहे. तक्रार करणारे गृहस्थ विदर्भातले, आमच्याच पेशाचे. बारा वर्षे त्या नावावर ते शिकवणीचे वर्ग चालवीत होते. "नावाची मुदत संपत आहे, येथे पासवर्ड भरा," असा खोटा ई-मेल त्यांना आला, त्यांनी पासवर्ड भरला, आणि चोराने त्याच रात्री नाव उचलले. त्यांचा ई-मेलचा पत्ताही त्याच नावावर होता. ऐन परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या मुलांची पत्रे त्यांना पोचेनाशी झाली. आम्ही इकडे पेढे वाटले, ते यांच्या घरच्या दुःखाचे!

आमच्यातले काहीजण म्हणाले, "आपणही फसलो आहोत. पैसे परत मिळाल्याशिवाय नाव सोडू नये." चर्चा बरीच रंगली. शेवटी आम्हाला आमच्या अम्मींचे एक वाक्य आठवले. लहानपणी आम्ही शाळेच्या वाटेवर सापडलेली दौत घरी आणली होती. त्या म्हणाल्या होत्या, "तुला सापडली म्हणून ती तुझी झाली का?" ज्याचे नाव त्याला परत करावे, असे ठरले. पैशांची तक्रार आम्ही केली, पण फार उशिरा, ते बुडाले.

नाव परत केल्यावर त्या मास्तरांचा फोन आला. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. एवढेच विचारले, "घेण्याआधी माझे जुने पान पाहिले होते का? त्यावर माझा फोन नंबर होता." आम्ही पाहिले नव्हते. 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेने १९९६ पासूनची जुनी पाने जपून ठेवलेली आहेत आणि ती कोणालाही फुकट पाहता येतात. दहा मिनिटांचे काम होते. एक फोन केला असता, तर आमचे बावीस हजार वाचले असते आणि त्यांचे पाच आठवडेही.

आम्ही गावंढळ म्हणून फसलो, असे कोणी समजू नये. २००६ साली अमेरिकेत 'पी-टू-पी डॉट कॉम' हे नाव चोरीस गेले. मूळ मालकांनी ते आदल्याच वर्षी १ लाख ६० हजार डॉलरांना घेतले होते. न्यू जर्सीतील एका तरुणाने मालकाच्या खात्यात शिरून ते आपल्याकडे वळविले आणि ई-बेच्या लिलावात मार्क मॅडसन या व्यावसायिक बास्केटबॉलपटूस सुमारे १ लाख ११ हजार डॉलरांना विकले. खरेदीदार सज्जन होता, पैसा रोख होता. तरी माल चोरीचाच. चोरास २००९ मध्ये अटक झाली आणि २०११ मध्ये पाच वर्षांची शिक्षा. दुसरे उदाहरण २०२१ सालचे. संगणकाच्या 'पर्ल' या भाषेचे सुप्रसिद्ध नाव 'पर्ल डॉट कॉम' जानेवारीत चोरीस गेल्याचे उघडकीस आले, आणि थोड्याच दिवसांत ते १ लाख ९० हजार डॉलरांना विक्रीस मांडलेले दिसले. सुदैवाने पुढच्याच महिन्यात ते मालकांस परत मिळाले.

कायद्याने यात हळूहळू वाट काढली आहे. अमेरिकेत १९९५ साली एका ठगाने बनावट पत्राच्या जोरावर एक नाव बळकावले. ते नाव या सभेत उच्चारण्यासारखे नाही. मालकाला ते २००० साली कोर्टाने परत दिले, आणि २००३ साली तेथील अपील न्यायालयाने असे नाव ही चोरता येण्याजोगी मालमत्ताच आहे, हे मान्य केले. आपल्याकडे १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या नावाशी एका अक्षराचा फरक करून 'रॅडिफ' चालविणाऱ्यास मनाई केली. पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी'च्या खटल्यात डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरविले. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधी डोळे उघडणे स्वस्त पडते.

आपण घर घेतो तेव्हा काय करतो? वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतो, मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो. नावाच्या खरेदीतही तेच करावयाचे. नोंदणीची माहिती पूर्वी 'हूइज' नावाच्या दप्तरात दिसे. जानेवारी २०२५ पासून बहुतेक जागतिक नावांसाठी तिची जागा 'आरडॅप' या नव्या पद्धतीने घेतली. २०१८ पासून मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, पण नोंदणी कधीची, रजिस्ट्रार कोण, शेवटचा बदल केव्हा, हे कळते. पंधरा वर्षे एका ठिकाणी असलेले नाव मागच्या आठवड्यात परदेशी रजिस्ट्रारकडे गेले आणि आज निम्म्या किमतीत विकावयास आले, तर समजावे की पाणी कोठेतरी मुरते आहे. मग जुने पान उघडावे, त्यावरील जुन्या फोनवर किंवा पत्त्यावर विचारावे, "आपण हे विकत आहात काय?" विकणाऱ्याने दिलेल्या नंबरावर मात्र विचारू नये, चोराला साक्षीला बोलावून काय उपयोग?

किंमत फार उतरलेली आणि घाई फार चढलेली, हे जोडपे दिसले की दार लावून घ्यावे. मुंबईच्या चोरबाजारात स्वस्त घड्याळ घेणारा निदान कोठे उभा आहे हे जाणून असतो. इंटरनेटवर ती पाटीही नसते. पैसे थेट न पाठविता एस्क्रो करावा, म्हणजे विश्वासू मध्यस्थाकडे रक्कम ठेवावी. नाव हाती आले की तो रक्कम सोडतो. पण मध्यस्थ आपण निवडावा, कारण ठग आपलाच खोटा मध्यस्थ उभा करतो. आणि मध्यस्थ खरा असला तरी तो पैशांची राखण करतो, मालकीची हमी घेत नाही. शोध आपणच घ्यावयाचा.

विकणाऱ्यांनाही ठग सोडीत नाहीत. "आपले नाव मोठ्या किमतीस घेतो, फक्त अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचा दाखला आणा," असे पत्र येते. दाखल्याची फी भरली की गिऱ्हाईक नाहीसे. कधी पत्र येते की, परदेशात कोणी आपले नाव नोंदवीत आहे, ताबडतोब पैसे भरून ते राखून ठेवा. अशा पत्रांना केराची टोपली हेच उत्तर.

आता ट्रस्टविषयी दोन शब्द. पुष्कळ संस्थांत असे होते की, एखादा उत्साही मुलगा आपल्या खात्यातून संस्थेचे नाव नोंदवितो, पुढे नोकरीसाठी परगावी जातो, आणि नूतनीकरणाची पत्रे त्याच्या जुन्या ई-मेलमध्ये पडून राहतात. मुदत संपलेले 'डॉट कॉम' नाव शेवटी तीस दिवस सोडवून घेता येते, तेही जादा दंड भरून. त्यानंतर पाच दिवसांत ते जगाला मोकळे होते. मग आपल्या पाटीखाली दुसराच कोणी देणग्या गोळा करील. २०२० साली करोनाच्या काळात पंतप्रधानांच्या निधीच्या यूपीआय पत्त्यातले एक अक्षर गाळून तोतया पत्ता निघाला होता, हे आपण विसरलो नसू.

म्हणून आमची सूचना अशी: नाव ट्रस्टच्याच नावे नोंदवावे आणि तसा ठराव वहीत लिहावा. त्या खात्याचा ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा, म्हणजे नाव गेले तरी दार उघडण्याची किल्ली बाहेर राहते. पासवर्ड दोन विश्वस्तांकडे बंद पाकिटात असावा, आणि लॉगिनला दुसरी खूण लावावी. हस्तांतराचे कुलूप चालू ठेवावे. मुदत एकदम अधिक वर्षांची घ्यावी; 'डॉट कॉम' दहा वर्षांपर्यंत मिळते. नूतनीकरणाच्या पत्रातील दुव्यावर बोट न लावता रजिस्ट्रारचे पान स्वतः उघडावे. आणि फसलोच, तर लाज न बाळगता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा. आम्ही लाजेने चार दिवस गप्प राहिलो, तेवढ्यात पैसे कोठल्याकोठे गेले.

शेवटी एक गोड गोष्ट. सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्या मांडवीच्या नव्हे, कच्छातल्या मांडवीच्या एका तरुणास अमेरिकेत शिकत असता 'गूगल डॉट कॉम' हे नाव चक्क बारा डॉलरांना विकत मिळाले. मिनिटभर तो त्याचा मालक होता! त्याने ही चूक कंपनीस कळविली. कंपनीने ६,००६ डॉलर १३ सेंट बक्षीस देऊ केले. ते धर्मादायास द्यावे असे त्याने म्हटल्यावर रक्कम दुप्पट झाली. जगातले एवढे मोठे नाव मुठीत आले असता त्याने मूठ उघडली.

आमच्या विद्यार्थ्यांनी मागाहून दुसरे, जरा लांब आणि कमी ऐटीचे नाव साध्या नोंदणीने घेतले. टिपणे त्यावर आहेत. त्यातले भूमितीचे प्रकरण विदर्भातल्या त्या मास्तरांनी लिहून पाठविले आहे. आम्ही मागितले नव्हते. आणि रिक्षावाल्या विद्यार्थ्याची मुलगी यंदा त्याच टिपणांवर अभ्यास करीत आहे.