कारकुनाच्या टेबलावरून



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही पडलो कारकून मंडळी. तेव्हा आम्ही कागदांविषयीच बोलणार.

आमची कचेरी म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आवारातले लोकअभिरक्षक कार्यालय. वकील देण्याची ज्याची ऐपत नाही अशा आरोपीचा बचाव करणारे पगारी वकील येथे बसतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून अशी कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली.

येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही सरकारचे ना? मग आमच्या बाजूने कसे बोलणार?" खटला चालवणारा सरकारी वकील निराळा आणि सरकारच्याच पैशाने आरोपीची बाजू मांडणारा आमचा वकील निराळा, हे समजावण्यात बराच वेळ जातो. दुसरा प्रश्न हलक्या आवाजात येतो, "साहेब, किती द्यायचे?" काहीच नाही! कोठडीतल्या माणसाला तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम तसे सांगते. एवढे ऐकून माणूस उलट अधिकच साशंक होतो. फुकटचे ते हिणकस, ही आपल्याकडची समजूत मोठी चिवट.

आमचे काम दिसायला साधे. वकालतनाम्यावर तुरुंगातून सही आणवायची, नकलेचे अर्ज करायचे, बोर्ड पाहून तारखा उतरवायच्या, घरच्यांना कळवायचे. न्यायालयात तोंड उघडण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण एक कागद इकडचा तिकडे झाला तर काय होते, ते होसकोट खटल्यात पाहावे. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ साली एका आरोपीची शिक्षा वाढवली. निकालाची नक्कल येरवड्याच्या तुरुंगात गेली. तुरुंगाचे म्हणणे, आमच्या कारकुनाने ती कैद्याला दिली होती, दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली. कैदी म्हणे, मिळालीच नाही. आणि पोच म्हणून त्याची सही कोठेच नाही! सर्वोच्च न्यायालयात दाद मागेपर्यंत गृहस्थाची शिक्षा भोगून झाली होती. त्याचा अर्ज फेटाळला गेला; पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ च्या त्या निकालात घालून दिले की, नक्कल कैद्याला विनामूल्य व तत्काळ द्यावी आणि लेखी पोच घ्यावी. पोचेची वही आम्ही देवाच्या पोथीसारखी जपतो, ती उगीच नव्हे.

खरे दुखणे मात्र पुढेच आहे. वकील भांडतो, जामीन मंजूर होतो, घरचे पेढे मागवतात, आणि माणूस आतच राहतो. का? तर जामीनदार नाही. सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा; ऊसतोडीला किंवा बांधकामावर आलेल्या परमुलखातल्या माणसाला या गावात ओळखतो कोण? मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचा १९७८ चाच खटला आहे. जामीन दहा हजारांचा. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला! अखेर सर्वोच्च न्यायालयाने एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले.

तरी हे दुखणे संपले नाही. म्हणूनच ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले: जामिनाचा हुकूम त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जावा, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा. हे सारे चालते ते कोणीतरी दिवस मोजत असेल तरच. म्हणून मंजुरीची तारीख आणि सुटकेची तारीख आम्ही शेजारी शेजारी लिहितो. दुसरा रकाना रिकामा दिसला की वकीलसाहेबांच्या टेबलावर ती फाइल पुन्हा ठेवतो. ते वैतागले तरी ठेवतो.

"मग तुम्हीच का राहत नाही जामीन?" असे आम्हांला विचारतात. वकिलाने आपल्या पक्षकाराला जामीन राहू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे, आणि त्याच्या कारकुनानेही राहू नये असे आमचे मत आहे. जामीन राहायचे ते गावातल्या माणसांनी. आमची कचेरी न्यायालयाच्या आवारातच आहे. तुमच्या वाड्यातला, कारखान्यातला, शेतावरचा कोणी असा अडकला असेल तर सातबारा घेऊन यावे; बाकीचे कागद आम्ही करतो.