तेवीस, हजर!



मघाशी मराठीच्या बाईंचा आवाज लागला आणि सगळं सभागृह गप्प झालं. बाई आता नाहीत. हा आवाज आपल्या २००४ च्या मेळाव्याच्या सीडीतला. तेव्हा तीन सीड्या काढल्या होत्या : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला एकेक. वाचली एकच, तीही पुरात सापडलेली!

उल्हासनगरची माझ्याकडे होती. इंजिनिअर असूनही मी तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिलं. आपण चकचकीत बाजू जपतो. पण सीडीच्या १.२ मिलिमीटर जाडीत माहितीचा थर असतो नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली. खालच्या प्लास्टिकवरचा ओरखडा पुष्कळदा निभावतो, वरचा नाही. अंबरनाथची खिडकीत उन्हाला राहिली. घरी भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो उन्हाने विटतो.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली, तेव्हा तिसरी सीडी चिखलात गेली. मैत्रिणीच्या आईने ती लगेच पुसली नाही. पुसली असती तर रेतीनेच घासली गेली असती. काकूंनी भांडी विसळावी तशी ती आधी नळाखाली धरली, मग मऊ सुती कापडाने मधून कडेकडे टिपली. हेच बरोबर. गोल गोल पुसलं तर ओरखडा माहितीच्या रेषेवरूनच धावतो आणि प्लेअरला तुटलेलं जुळवता येत नाही. आडवा छेद तो बहुधा सावरून घेतो. प्लेअर मात्र त्यांच्या घरी ओलाच चालू केला आणि तो कायमचा गेला. पूर्ण वाळेपर्यंत वायर लावायचीच नाही, हे त्यातून शिकलो.

तुमच्या कपाटांतही लग्नाच्या, बारशाच्या सीड्या असतील. त्या कव्हरात, उभ्या, उन्हापासून आणि ओलीपासून लांब ठेवा. पण जपणूक म्हणजे शेवटी दुसरी प्रत. सीडी वाचणारं यंत्र मी सोबत आणलंय. जेवणानंतर या, कॉपी करून देते.

आपल्या सीडीतही एक जागा गेलीच आहे. बाई गंमत म्हणून हजेरी घेतात, तिथे बावीसनंतर एकदम चोवीस येतो. तेवीस माझा नंबर. ती हजेरी आज इथेच लावते.

तेवीस, हजर, बाई!