फूल, अंडे आणि मूल : जननाचा पाठ कसा द्यावा
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषणाचा मजकूर)



खेड्यातील मूल एका बाबतीत मोठे भाग्यवान असते. निसर्गाचे पुस्तक त्याच्या दारातच उघडलेले असते. गाय विताना त्याने पाहिलेली असते, खुराड्यातली कोंबडी अंड्यांवर बसली म्हणजे पिल्ले केव्हा निघतील याचे दिवस ते बोटांवर मोजते, आणि पावसाळ्याच्या आरंभी डबक्यात वळवळणारे बेडूकमासे ओंजळीत धरून ते घरी आणते. झाड फळले असे जसे मराठीत म्हणतात, तसेच गाय फळली असेही म्हणतात. झाडाला आणि जनावराला एकच क्रियापद लावणाऱ्या शेतकऱ्याने शास्त्रातील एक मोठे सत्य आपल्या बोलीत केव्हाच साठवून ठेवले आहे. असे असूनही, पाठ्यपुस्तकात जननाचे प्रकरण आले की पुष्कळ वर्गांत शिक्षकाचा आवाज खाली येतो. "हा भाग घरी वाचा," असे सांगून पान उलटले जाते.

एका खेड्यातील सहावीच्या वर्गात भोपळ्याच्या फुलाचा पाठ चालू असता एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, आमच्या आईला चौथीही मुलगीच झाली. आजी म्हणते, आईचीच कूस खोटी. हे खरं आहे का?" गुरुजी सज्जन होते, विषयही त्यांना अवगत होता. परंतु वर्गात खसखस पिकली आणि ते गोंधळले. "हे मोठ्यांचे प्रश्न आहेत, खाली बस," एवढेच ते बोलले. मुलगी खाली बसली. तिच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. ते त्या दिवशी त्या घरी पोहोचले असते, तर एका निरपराध स्त्रीच्या माथ्यावरील बोल कदाचित थोडा हलका झाला असता. हा पाठ टाळल्याने कोणाची हानी होते, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

प्रारंभ भोपळ्याच्या वेलापासून

या विषयाचा प्रारंभ फुलापासून करावा, आणि फूल भोपळ्याचे घ्यावे. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. भोपळ्याच्या वेलावर मात्र नरफुले वेगळी व मादीफुले वेगळी येतात, त्यामुळे मुलांना भेद चटकन कळतो. नरफुलाचा देठ लांब व बारीक असून त्याच्या मध्यभागी पिवळ्या परागांनी माखलेला दांडा असतो. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा इवला भोपळा आधीपासूनच दिसतो. तेच अंडाशय होय. त्याच्या पोटात बीजांडे असतात.

पुष्कळ ठिकाणी नरफुले फळत नाहीत म्हणून त्यांना वांझ फुले समजून खुडून टाकतात. मग मादीफुलेही पिवळी पडून गळतात आणि वेलाला दृष्ट लागली असा समज होतो. वस्तुतः ज्यांना वांझ म्हटले, त्यांच्यावाचून एकही भोपळा धरणार नाही. भोपळ्याचे पराग जड व चिकट असल्याने ते वाऱ्याने उडत नाहीत. मधमाश्यांनीच ते एका फुलातून दुसऱ्या फुलात न्यावे लागतात. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या अवधीत माशी आली नाही, तर ते फूल व्यर्थ गेले.

हे नुसते सांगू नये, करून दाखवावे. दुसऱ्या दिवशी उमलतील अशा दोन मादीकळ्या हेरून त्यांवर सायंकाळी पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. सकाळी एका फुलाची पिशवी सोडून, पाकळ्या काढलेले नरफूल त्याच्या कुक्षीवर हलकेच फिरवावे व पिशवी पुन्हा बांधावी. दुसरे फूल तसेच झाकलेले ठेवावे. आठदहा दिवसांत पहिल्या फुलाखालचा भोपळा फुगू लागतो, दुसऱ्याचा पिवळा पडून गळतो. हा प्रयोग ज्या मुलाने स्वतःच्या हाताने केला, त्याला परागण म्हणजे काय हे जन्मभर विसरणे शक्य नाही.

जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील रुडॉल्फ कामेरारिउस यांनी १६९४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच जातीचे होते. त्यांनी एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वी काढून टाकली, तेव्हा धड बी धरले नाही. मक्याच्या कणसाचे केस कापून टाकले, तेव्हा दाणे भरले नाहीत. एरंड आणि मका या दोन्ही गोष्टी आपल्या शिवारातल्याच आहेत. मक्याचा वरचा तुरा नर आणि कणीस मादी. कणसाचा एकेक केस आतील एकेका बीजांडाशी जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही, त्याचा दाणा भरत नाही. अर्धवट भरलेले कणीस हाती देऊन मुलांना त्याचे कारण शोधावयास लावावे.

पराग कुक्षीवर पडल्यावर पुढे काय होते? परागकणाला एक सूक्ष्म नलिका फुटते. ती आत शिरत बीजांडापर्यंत जाते आणि तिच्यातून नरपेशी स्त्रीपेशीला जाऊन मिळते. या मीलनाला फलन म्हणतात. फलित बीजांडाचे बी होते व अंडाशयाचे फळ होते. भोपळा कापला म्हणजे त्यात जितक्या भरीव बिया निघतील, निदान तितके परागकण कामी आले असे समजावे. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी व त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली अफूच्या फुलातील बीजांडे काचेच्या नळीत ठेवून, तेथेच त्यांचे फलन घडवून बिया मिळविल्या. हे आपल्याच देशातील काम आहे, हेही मुलांना अवश्य सांगावे.

झाकलेली गोष्ट उघड करण्याला उंबर फोडून केंबरे काढणे असे म्हणतात. जननाच्या पाठाविषयीही पुष्कळांचे तेच म्हणणे असते. परंतु शिक्षकाने उंबर खरोखरच फोडून दाखवावे. ज्या उंबराच्या फुलाला दुर्मिळ मानतात, तशी शेकडो सूक्ष्म फुले त्या उंबराच्या आतच असतात, आणि त्या केंबरांपैकीच एका इवल्या जातीची मादी त्यांच्यासाठी पराग घेऊन आत शिरते. केंबरे नसती, तर उंबराला बीच धरले नसते.

अंडे, पिल्लू आणि वासरू

फुलाचा पाठ पक्का झाला की प्राण्यांकडे वळणे सोपे जाते. पावसाळ्यात बेडकीण पाण्यात चिकट अंड्यांचे पुंजके घालते आणि त्याच वेळी नर त्यांवर आपले शुक्रजंतू सोडतो. येथे फलन शरीराबाहेर, पाण्यात होते. उघड्यावरच्या अंड्यांपैकी फारच थोडी तग धरतात, म्हणून बेडकिणीला ती मोठ्या संख्येने घालावी लागतात. वर्गात काचेच्या बरणीत डबक्याच्याच पाण्यात चारदोन बेडूकमासे ठेवून, त्यांना पाय फुटतात ते दाखवावे आणि नंतर त्यांना पुन्हा डबक्यात सोडावे.

कोंबडीच्या बाबतीत फलन शरीराच्या आत होते, मात्र पिल्लाची वाढ अंड्यात, बाहेर होते. बशीत अंडे फोडले की पिवळ्या बलकावर एक फिकट ठिपका दिसतो. अंडे फलित असेल तर पिल्लू त्या ठिपक्यापासून वाढते. बलक व पांढरा भाग ही त्याची शिदोरी होय. उबवणीचे एकवीस दिवस ती शिदोरी पुरते. कोंबड्याचा संबंध आला नसताही कोंबडी अंडी घालते, पण त्यांतून पिल्लू निघत नाही. "बाजारातले अंडे उबवले तर?" हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर भोपळ्याच्या झाकलेल्या फुलात आहे. ते त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

गाय, म्हैस, शेळी यांमध्ये फलन आणि वाढ दोन्ही आईच्या पोटात होतात. शेळी सुमारे १५० दिवसांनी, गाय सुमारे २८० दिवसांनी आणि म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विते. गाय माजावर आली म्हणजे तिला फळविण्यासाठी वळूकडे नेतात किंवा कृत्रिम रेतन करवून घेतात. शेतकऱ्याच्या मुलाला हे शब्द ऐकून ठाऊक असतात. शिक्षकाने ते शांतपणे, शेतीच्या इतर कामांचे शब्द वापरावेत तसेच वापरावेत. शिक्षक हसला नाही की वर्गही फार वेळ हसत नाही.

मनुष्याचा जन्म

येथपर्यंत आलेल्या वर्गाला मनुष्याविषयी सांगताना नवे असे फार थोडे उरते. स्त्रीच्या शरीरात दोन अंडाशय असतात. वयात आल्यावर साधारणपणे दर महिन्यास एक अंडपेशी पक्व होते. ती मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी असते. सस्तन प्राण्यांतील ही अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ साली कुत्रीच्या शरीरात प्रथम ओळखली. पुरुषाच्या शुक्रजंतूंपैकी एकच या पेशीत शिरतो, दोहोंची केंद्रके एकरूप होतात आणि नव्या जीवाचा आरंभ होतो. केंद्रकांचे हे मीलन ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ साली समुद्रातील एका काटेरी प्राण्याच्या अंड्यात पाहिले.

लहान मुलांना वाटते, आई जेवते तेथेच बाळ असते. भाकरी जाते ते जठर निराळे आणि बाळ वाढते ते गर्भाशय निराळे, हे फळ्यावर साधी आकृती काढून दाखवावे. बाळाला अन्न व प्राणवायू नाळेतून मिळतो. बेंबी ही त्या नाळेची खूण होय. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास सुमारे २८० दिवसांनी बाळ जन्मते. ग्रहणात आईने सुरी हाती धरल्याने बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत निराधार आहे. गर्भारपणी आईला पोटभर सकस अन्न व वेळेवर तपासणी मिळाली पाहिजे, हे मात्र सर्वथैव खरे आहे.

पाळीविषयी मौन पाळू नये. गर्भ येईल या अपेक्षेने गर्भाशयाचे आतील अस्तर दर महिन्यास जाड होते, आणि गर्भ राहिला नाही म्हणजे ते रक्तासह बाहेर पडते. एवढाच त्याचा अर्थ. नव्या जीवासाठी केलेल्या तयारीला विटाळ म्हणणे अज्ञानाचे आहे. पहिल्या एकदोन वर्षांत पाळी अनियमित असणेही स्वाभाविक असते. मुलींना स्वच्छतेच्या सूचना शिक्षिकेने स्वतंत्रपणे द्याव्यात, परंतु पाळी का येते हे मुलग्यांनीही ऐकले पाहिजे. चेष्टा अज्ञानातून होते, आणि त्या चेष्टेपायी मुलगी शाळा चुकवू लागते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या सहावीच्या मुलीच्या प्रश्नाकडे वळावे. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. ही संख्या १९५६ साली निश्चित झाली. अंडपेशीत व शुक्रजंतूत त्याच्या निम्मी, म्हणजे २३ असतात. त्यांतील एक गुणसूत्र लिंग ठरविणारे असते. आईच्या प्रत्येक अंडपेशीत ते एक्स या एकाच प्रकारचे असते. पित्याच्या शुक्रजंतूंत मात्र निम्म्यांत एक्स व निम्म्यांत वाय असते. एक्सवाला शुक्रजंतू अंडपेशीस मिळाला तर मुलगी, वायवाला मिळाला तर मुलगा. लिंग गुणसूत्रांवरून ठरते हे नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने १९०५ साली धान्यपिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अभ्यासातून दाखविले. कोंबडीत हा प्रकार उलट असतो. तेथे लिंग मादीच्या अंडपेशीवरून ठरते. मनुष्यात तसे नाही.

वर्गात हे चिंचोक्यांनी शिकवावे. आईच्या वाटीत सगळे काळे चिंचोके, पित्याच्या वाटीत निम्मे काळे व निम्मे घासून पांढरे केलेले. मुलांनी डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचलावा, फळ्यावर नोंद करावी आणि तो परत टाकावा. चार वेळा सलग काळी जोडीही येईल, आणि त्यात कोणाचाच अपराध नाही हे मुले आपोआप बोलून दाखवतील. बोल आईवर ठेवता येत नाही, तसा तो पित्यावरही ठेवता येत नाही, कारण कोणता शुक्रजंतू पोहोचावा हे त्याच्याही हाती नसते. मूल न होण्यालाही स्त्रीइतकाच पुरुषामधील दोष कारण असू शकतो. वांझ हा शब्द उच्चारण्यापूर्वी भोपळ्याची नरफुले आठवावीत.

अज्ञानाची किंमत जनगणनेने दाखविली आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. गर्भलिंगपरीक्षेवर महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदा केला. कायदा डॉक्टरच्या हाताला आवर घालू शकतो. घरातील आजीच्या मनातील समजूत मात्र नातवंडाच्या तोंडून ऐकलेल्या दोन शब्दांनीच बदलेल.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यासाठी त्यांना खटले व उपहास सोसावे लागले. आजच्या शिक्षकापुढे खटला नाही, उपहासही फारसा नाही. पाठ्यपुस्तकच त्याच्या बाजूने उभे आहे. पाठापूर्वी पालकसभेत विषयाची कल्पना द्यावी, अवयवांची शास्त्रीय नावे न अडखळता उच्चारावीत, उत्तर ठाऊक नसल्यास "उद्या पाहून सांगेन" असे म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखर सांगावे. प्रश्न विचारण्यासाठी उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र उत्तरावाचून खाली बसवू नये.