सोन्याची पारख घरच्या घरी

(मस्कत शहराच्या अल् घुब्रा भागात राहणाऱ्या मराठी मुलामुलींपुढे केलेले हे भाषण आहे.)

मुलामुलींनो,

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कपाटात, कपड्यांच्या घड्यांमागे, एक डबा ठेवलेला असतो. त्यात आजीच्या पाटल्या असतात, आईचा लग्नातला कोल्हापुरी साज असतो आणि इथल्या मत्राहच्या बाजारातून हौसेने घेतलेली एखादी साखळी असते. हा डबा म्हणजे घराची शिल्लक. वडिलांची नोकरी सुटली, गावाकडे कोणी आजारी पडले, ताईच्या शिक्षणाला पैसे कमी पडले, की तो उघडला जातो. अशा वेळी दुकानदार दागिना हातात घेतो आणि म्हणतो, "यात सोने कमी आहे हो." तो खरे सांगतो की खोटे, हे आपल्याला कसे कळावे?

म्हणून पुष्कळ लोक घरीच सोने तपासून पाहतात. कोणी लोहचुंबक लावतो, कोणी व्हिनेगर ओततो, कोणी आम्लाची बाटली विकत आणतो. यांतली कोणती रीत धरावी आणि कोणती सोडावी, ते आज पाहू या.

आधी शुद्धता म्हणजे काय, ते समजून घ्या. शुद्ध सोने 24 कॅरेटचे. 22 कॅरेट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोने. उरलेले दोन भाग तांबे, चांदी यांसारखे धातू. हेच प्रमाण हजार भागांत सांगितले, की 916 हा आकडा येतो. 21 कॅरेटचा आकडा 875 आणि 18 कॅरेटचा 750. महाराष्ट्रात दागिने बहुधा 22 कॅरेटचे घडवतात; आखाती देशांत 21 कॅरेटलाही मोठी मागणी असते. तेव्हा तुमच्या घरातल्या एकाच डब्यात दोन तऱ्हांचे सोने असू शकते. 875 चा शिक्का असलेली साखळी खोटी नव्हे. ती 22 कॅरेटची म्हणून विकली, तर मात्र ती फसवणूक होईल.

लोहचुंबकाची परीक्षा सोपी आहे आणि तिने दागिन्याला इजा होत नाही. ती जरूर करा. पण तिचे उत्तर नीट ऐका. दागिना चुंबकाला चिकटला, तर त्यात लोखंड किंवा निकेल आहे. चिकटला नाही, तर तो सोन्याचा आहे असे मात्र ठरत नाही, कारण पितळ, तांबे आणि चांदी यांनाही चुंबक ओढत नाही. शिवाय साखळीच्या फाशात पोलादाची बारीक स्प्रिंग असू शकते. तेवढाच भाग ओढला गेला, तर घाबरू नका.

व्हिनेगरची रीत मला मुळीच पसंत नाही. तिने सोन्याविषयी फारसे काही कळत नाही आणि नथीतल्या मोत्यांची मात्र नासाडी होते. मोती आम्लात झिजतो. कपडे पांढरे करण्याचे ब्लीचही दागिन्याजवळ नेऊ नका.

नायट्रिक आम्लाची गोष्ट निराळी. तिच्यात शास्त्र आहे. हे आम्ल तांबे, पितळ यांना खाते. सोन्याला खात नाही. सराफ दागिना काळ्या दगडावर घासतो. शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढतो. दोन्ही रेघांवर आम्ल लावून कोणती किती फिकटते, ते तो पाहतो. या दगडाला म्हणतात कसोटी. संस्कृतात त्याचेच नाव निकष. आपण परीक्षेचे निकष म्हणतो, कसाला लागणे म्हणतो, बावनकशी म्हणतो, हिणकस म्हणतो. हे सगळे शब्द सराफाच्या पेढीवरून आपल्या भाषेत आले आहेत. पण त्या दोन रेघांतला फरक ओळखायला वर्षानुवर्षांची नजर लागते. आम्लाचा थेंब हातावर पडला, तर कातडी भाजते; डोळ्यात उडाला, तर दृष्टी जाऊ शकते. त्याची वाफही छातीला घातक. म्हणून आम्लाची बाटली घरात नकोच.

आता मला आवडणारी रीत. सिराक्यूजच्या राजाचा मुकुट आणि आर्किमिडीज ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. पण मुकुट बुडवून सांडलेले पाणी मोजण्यात चूक सहज होते. 1586 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गॅलिलिओने एक छोटा निबंध लिहिला. धातू हवेत आणि मग पाण्यात तोलावा, म्हणजे भेसळ अचूक कळेल, असे त्याने त्यात दाखवले. तेच आपण करायचे आहे.

एक ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. स्वयंपाकघरातला, पूर्ण ग्रॅम दाखवणारा काटा इथे चालणार नाही. आधी बांगडी कोरडी तोला. समजा, ती 20 ग्रॅम भरली. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. बांगडी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा. ती तळाला वा काठाला टेकता कामा नये. काटा आता 1.13 ग्रॅम दाखवील. पाणी बांगडीला वर ढकलते, तेवढ्याच जोराने बांगडी पाण्याला खाली ढकलते. हा आकडा त्याचाच. एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅम भरते, म्हणून बांगडीचे आकारमान 1.13 घन सेंटिमीटर. 20 ला 1.13 ने भागा. उत्तर येते 17.7. ही झाली घनता.

शुद्ध सोन्याची घनता 19.3. 22 कॅरेटची साधारण 17.6 ते 18, 21 कॅरेटची 16.9 ते 17.5 आणि 18 कॅरेटची 15 ते 16 भरते. पितळेची साडेआठच्या आसपास. 20 ग्रॅमची पितळी बांगडी काट्यावर 2.3 ग्रॅमच्या वर आकडा दाखवील. खोटेपणा लपूच शकत नाही!

तुम्ही समुद्राकाठी राहता, म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. घुब्र्याच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी या कामाला घेऊ नका. ते गोड्या पाण्याहून शेकडा अडीच-तीन भागांनी जड असते. त्यात तोलले, तर हिशोबात 17.7 चे 17.2 होतील आणि आजीची 22 कॅरेटची पाटली 21 कॅरेटची ठरेल. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे कढत पाणीही नको. तापलेले पाणी हलके होते, म्हणून सोने असते त्याहून चांगले दिसते. पिण्याचे पाणी खोलीत निवू द्या आणि मगच तोला. दागिन्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटकून टाका.

या रीतीलाही मर्यादा आहेत. 22 आणि 21 कॅरेटमधला फरक 20 ग्रॅमच्या बांगडीत काट्यावर जेमतेम पाच शतांश ग्रॅम दिसतो. हलक्या अंगठीत तो दिसणारच नाही. खडे जडवलेल्या दागिन्याला ही रीत लागू नाही. कोल्हापुरी साजाच्या पानांत आणि मण्यांत लाख भरलेली असते, त्यामुळे अस्सल साजही या परीक्षेत नापास होईल. आणि टंगस्टन या धातूची घनता 19.25, जवळजवळ सोन्याइतकीच. त्यावर सोन्याचा मुलामा दिला, तर पाणी काही सांगू शकत नाही. दागिन्यात हे सहसा होत नाही. सोन्याच्या विटेबाबत मात्र सावध राहावे.

जुन्या दागिन्याची घनता 13-14 आली, तर तो केव्हाचा आहे, हे आजीला विचारा. 1963 साली भारत सरकारने 14 कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली होती. ती काही वर्षांनी उठली, पण त्या काळातला दागिना खोटा नसूनही कमी कसाचा असू शकतो.

घरी निकाल लागला नाही, तर तपासणी केंद्रात जावे. तिथे क्ष-किरणांचे यंत्र दागिन्याला धक्का न लावता प्रमाण सांगते; मात्र ते वरचा पातळ थरच पाहते. सर्वांत भरवशाची परीक्षा भट्टीतली. बारीकसा तुकडा शिसे आणि चांदी घालून सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसे हिणकस धातूंना घेऊन मुशीत मुरते, उरलेल्या मण्यातली चांदी आम्लाने काढतात आणि सोने तोलतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या कोरडवाहू तालुक्यांतली हजारो माणसे भारतभर सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात. त्यांना गलाई व्यावसायिक म्हणतात. धातू कसा शुद्ध करतात, हे त्यांच्या भट्टीपाशी उभे राहून पाहण्यासारखे आहे.

नवीन दागिना भारतात घेतलात, तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे-अंक मिळून सहा खुणांचा ओळख क्रमांक पाहा. दुकानांतील हॉलमार्कच्या दागिन्यांवर हा क्रमांक 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो घातला, की दागिन्याची माहिती मिळते.

आज घरी जाऊन आईच्या परवानगीने एखादी भरीव बांगडी तोला. कोरडे वजन, पाण्यातला आकडा, भागाकार आणि तारीख वहीत लिहा. प्रत्येक आकडा तीनदा घ्या. तिन्ही वेळा वेगळा आला, तर दोरा किंवा बुडबुडे तपासा. दागिना मोडायची वेळ आली, तर ही वही बरोबर न्या आणि दागिना मुशीत पडण्यापूर्वीच, तुमच्यासमोर तो तोलून घ्या.