सुरगांठ आणि निरगांठ
(नभोवाणीवरील भाषण)

निरगांठ आणि सुरगांठ यांतील भेद आपणांपैकीं बहुतेकांना लेंग्याच्या अगर परकराच्या नाडीनें लहानपणींच शिकविलेला असतो. सुरगांठ एका ओढीसरशीं सुटते. निरगांठ बसली म्हणजे आईला हांक मारावी लागते. समुद्राच्या तळाशीं आईला हांक मारतां येत नाहीं. म्हणून पाण्याखालीं कॅमेरा नेणाऱ्यानें तो अंगाशीं कसा बांधावा, एवढ्या एका प्रश्नाविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

हा प्रश्न फार जुना नाहीं. लुई बूताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९३ सालीं बान्यूलच्या किनाऱ्याशीं पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां त्याचा कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटींत घालून तळावर उभा केलेला असे, आणि तो स्वतःही पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तळावरच वावरे. पुढें १९४३ सालीं कुस्तो व गान्याँ यांनीं पाठीवरील टाकींतून श्वासागणिक हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें आणि माणूस पाण्यांत माशासारखा अधांतरीं विहरूं लागला. त्याच्याबरोबर कॅमेराही अधांतरीं आला. आज तर तो मुठींत मावतो. आणि मुठींतली वस्तु सुटावयास एक क्षण पुरतो.

मला याचा धडा मालवणास मिळाला. सिंधुदुर्ग किल्ल्यानजीक खडकांच्या आसऱ्यानें ७-८ मीटर खोलीवर आम्ही दोघे उतरलों होतों. माझा छोटा कॅमेरा तरंगणाऱ्या मुठीवर बसविलेला होता, आणि तो हातचा जाऊं नये म्हणून मीं त्याची दोरी मनगटाला पक्की निरगांठ मारून बांधली होती. एका कपारीशीं ती दोरी तुटून पडलेल्या मासेमारीच्या जाळ्यांत अडकली. हात जखडला. ओढावें तों गांठ अधिकच आवळे. श्वास भरभर चालूं लागला, आणि टाकीच्या दाबाचा कांटा डोळ्यांदेखत उतरूं लागला. सोबत्यानें शांतपणें सुरी काढून दोरी कापली. हात मोकळा झाला. पण कॅमेराही मोकळा झाला, आणि बुडबुड्यांच्या मागोमाग वर निघाला.

यापुढें मीं जें केलें तें जाळ्याहूनही भयंकर होतें. मी श्वास कोंडून त्याच्या मागें वर झेपावलों. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथें छाती भरून घेतलेली हवा कोंडून वर आलें, तर ती प्रसरण पावून दुप्पट होऊं पाहते, आणि फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. म्हणूनच श्वास कधींही कोंडूं नये, मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेगानें वर येऊं नये, शेवटीं ५ मीटरवर ३ मिनिटें थांबावें, असें शिकवितात. हें सर्व मला पाठ होतें. परंतु कॅमेरा सुटतांच पाठांतरही सुटलें. सोबत्यानें माझा पाय धरून मला थोपविलें, समोर येऊन नीट श्वास घ्यावयास लावलें, आणि मग आम्ही संथपणें वर आलों.

कॅमेरा होडींतच होता! म्हाताऱ्या तांडेलानें तो केव्हांच पाण्यावरून उचलून ठेवला होता. माझ्या मनगटावर लोंबणारा दोरीचा तुकडा पाहून तो एवढेंच म्हणाला, “गांठ मारूंक सगळ्यांका येता, ती वेळार सुटाक व्हयी.”

त्याच्या या वाक्यांत सर्व शास्त्र आलें. कॅमेरा मनगटाला न बांधतां छातीवरील जाकिटाच्या कडीला अडकवावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. त्यासाठीं हातमोजा असतांही एका हातानें उघडेल अशी चापाची कडी घ्यावी. मात्र चापाची कडी व कॅमेरा यांच्यामध्यें बारीक पण मजबूत दोरीचा फांस ठेवावा. चाप गंजून बसला, तर पाण्याखालीं धातु कापतां येत नाहीं. दोरी कापतां येते. ही दोरी आंखूड असावी. लोंबता कॅमेरा जाळ्यांत तर अडकतोच, शिवाय वर्षानुवर्षें वाढलेलें पोवळें एका धक्क्यासरशीं मोडून टाकतो. कॅमेरा तरंगतो कीं बुडतो, हें आधीं उथळ पाण्यांत पाहून घ्यावें. तो हातीं घेऊन होडींतून उडी घेऊं नये. आपण उतरल्यावर वरून मागून घ्यावा, आणि परततांना आपल्याआधीं त्याला वर द्यावें. ज्याचा पाण्यांतील तोल अजून ठरलेला नाहीं, अशा नवशिक्यानें तर कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवावा.

इतकी काळजी घेऊनही एखादे दिवशीं तो सुटेल. तेव्हां त्याला जाऊं द्यावें. चित्रें पुन्हां घेतां येतील.

मी अजूनही होडींत बसल्या बसल्या डोळे मिटून ती चापाची कडी एका हातानें तीन वेळां उघडून पाहतों. तिन्ही वेळां ती बिनबोभाट उघडली, कीं कॅमेरा तांडेलाच्या हातीं देतों आणि पाण्यांत उतरतों.